लेडीज डबा दिल्लीला जात नाही

बदलापूरची बाई सकाळी ज्या लोकलने निघते, तीच लोकल पुढे अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या बायकांना घेते. डबा एक, गर्दी एक, चौथ्या सीटवरून होणारं भांडणही एक. खासदार मात्र वेगवेगळे. 2008 च्या फेररचनेत अंबरनाथ आणि उल्हासनगर कल्याण लोकसभेत गेले, तर बदलापूर मुरबाड विधानसभेचं बोट धरून भिवंडी लोकसभेत. भिवंडी या बाईच्या लाइनवर येतच नाही. तिचे साहेब कुठल्या स्टेशनला उतरतात, हे तिला ठाऊक असण्याचं कारणच नाही.

एका बाबतीत मात्र दोन्ही मतदारसंघांचं घट्ट एकमत आहे. 2009, 2014, 2019, 2024 अशा चार निवडणुका झाल्या. दोन मतदारसंघांचे मिळून आठ निकाल लागले. आठही वेळा साहेब निवडून आले. बाईसाहेब एकदाही नाहीत.

त्याआधी उल्हासनगर-अंबरनाथ जुन्या ठाणे मतदारसंघात होते. तिथली 1977 पासूनची यादी काढा: रामभाऊ म्हाळगी, जगन्नाथ पाटील, शांताराम घोलप, राम कापसे, प्रकाश परांजपे, त्यांच्यानंतर त्यांचे चिरंजीव आनंद परांजपे. जनता पक्ष आला, काँग्रेस आली, भाजप आला, शिवसेना आली. झेंडे बदलले, धोतराची पँट झाली, साडी काही आली नाही.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडे बायका राजकारणात नाहीत असं कसं म्हणता? मुळीच म्हणत नाही. भरपूर आहेत. पालिकांत 50 टक्के जागा बायकांना राखीव आहेत. उल्हासनगरला महिला महापौर झाल्या, अंबरनाथ-बदलापूरला नगराध्यक्षपदी महिला बसल्या. गटार, नळ, कचरा, डास, कुत्री हे सगळे विषय आम्ही मोठ्या मनाने बायकांकडे सोपवले आहेत. प्रश्न एवढाच, की या बायका गटारापाशीच का थांबतात?

कारण सोपं आहे. आमच्या भागात वरच्या तिकिटासाठी बाईला तीन दारं उघडी असतात. पहिलं दार: जागा राखीव असली पाहिजे. दुसरं: घरचा पुरुष अडचणीत असला पाहिजे. तिसरं: जागा हरायची असली पाहिजे. यांपैकी एकही अट पुरी होत नसेल, तर ताई, तुम्ही सभेला बायका घेऊन या. पुढच्या रांगेत बसवू.

पहिल्या दाराबद्दल फार बोलायला नको. चक्राकार सोडत निघते, वॉर्ड महिलांसाठी राखीव होतो आणि त्या रात्रीपुरतं वॉर्डातल्या जुन्या नगरसेवकाच्या घरी सुतक असतं. सकाळी त्याला आठवतं, की आपलं लग्न झालेलं आहे. आठवड्याभरात बॅनर लागतो. त्यावर वहिनींचा फोटो पासपोर्टचा, भाऊंचा फोटो पोस्टरचा.

दुसरं दार उल्हासनगरने महाराष्ट्राला दाखवून दिलं आहे. 2013 मध्ये पप्पू कलानी यांना खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली. 2014 मध्ये ज्योती कलानी आमदार झाल्या. त्या स्वतः मुरलेल्या राजकारणी होत्या, शहर चालवलेलं होतं, हे विरोधकही मान्य करत. पण विधानसभेचं दार त्यांच्यासाठी उघडलं ते घरच्या पुरुषासाठी बंद झाल्यावरच.

दहा वर्षांनी खेळ तोच, फक्त कल्याण पूर्वेत. 2 फेब्रुवारी 2024 च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळ्या झाडल्या गेल्या. भाजपचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. त्याच वर्षीच्या विधानसभेला पक्षाने उमेदवारी दिली त्यांच्या पत्नी सुलभा गायकवाड यांना. त्या निवडून आल्या. कल्याण लोकसभेतल्या सहा आमदारांत आज त्या एकट्या महिला आहेत. महिला सबलीकरण आमच्याकडे असं पोलीस ठाण्यातून सुरू होतं.

आणि तिसरं दार. इथे आपले पुरोगामी मित्र रांगेत पहिले.

2024 ची लोकसभा आठवा. कल्याणमध्ये समोर तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचे चिरंजीव, दोन वेळचे खासदार श्रीकांत शिंदे. भिवंडीत समोर केंद्रीय राज्यमंत्री कपिल पाटील, पण त्यांच्यावर त्यांच्याच गोटातले नाराज. महाविकास आघाडीच्या जाणत्यांनी गणित मांडलं. भिवंडी निघेल असं दिसत होतं. तिथे काँग्रेस आणि शरद पवारांची राष्ट्रवादी यांच्यात जागेवरून जुंपली आणि शेवटी तिकीट गेलं सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्यामामांना. ते जिंकलेही. कल्याण निघणार नाही असं दिसत होतं. तिथे एकदम स्त्रीशक्तीची आठवण झाली. उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेने वैशाली दरेकर-राणे यांना उभं केलं.

या बाईंना कल्याण नवं नव्हतं. 2009 साली, मतदारसंघाच्या पहिल्याच निवडणुकीत, त्या मनसेकडून उभ्या होत्या आणि लाखभर मतं घेऊन गेल्या होत्या. तेव्हाही जागा निघणारी नव्हती. म्हणजे पंधरा वर्षांत दोन पक्षांनी एकाच बाईला एकाच मतदारसंघात लढवलं, दोन्ही वेळा उताराच्या विरुद्ध बाजूने. बळी द्यायचा असला की बाई आठवते, यावर पक्षभेद नाही.

उमेदवारी जाहीर झाली तेव्हा विरोधक हसले. ते त्यांचं कामच. पण घरचेही मिशीतल्या मिशीत हसत होते. तगडा उमेदवार मिळाला नाही म्हणून हिला दिली, अशी कुजबुज. महिनाभर बाई उन्हात फिरली आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी पक्षाच्याच एका माजी महापौरांनीही अर्ज दाखल केला. उमेदवार बदलणार, अशी बातमी दिवसभर चालली. बदलला नाही. पण ऐन लढाईत स्वतःच्या सेनापतीने असा दिलासा दिल्यावर शत्रूची गरज काय?

20 मे रोजी मतदान झालं. ज्या बाईला कुणी मोजत नव्हतं, तिला 3 लाख 80 हजारांवर लोकांनी मत दिलं. शिंदे दोन लाखांच्या वर मताधिक्याने जिंकले, हे खरं. पण पक्षाने उमेदवारी मनापासून दिली असती तर आकडा काय झाला असता, याचा हिशोब मातोश्रीवर कुणी मांडला असेल तर कळवावं.

उद्धव ठाकरेंचा पक्ष पुरोगामी म्हणायचा का, असा एक प्रश्न काही मंडळींना अजून छळतो. छळू दे. आघाडीच्या प्रत्येक सभेत फुले-शाहू-आंबेडकर यांचे फोटो होते, फोटोंना हार होते आणि दीपप्रज्वलनाला महिला होत्या. तेवढ्यावर माणूस पुरोगामी ठरतो, असा आपल्याकडे रिवाजच आहे.

खऱ्याखुऱ्या पुरोगाम्यांचं तरी काय? याच जुन्या ठाणे जिल्ह्यात 1945 साली तलासरी-डहाणूच्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं ते गोदावरी आणि शामराव परुळेकर यांनी. गोदूताई म्हटलं की आजही त्या पाड्यांवर लोक उठून बसतात. 1957 साली ठाण्यातून लोकसभेत कोण गेलं? शामराव. तेही त्याच लढ्यातले, त्यांचा हक्क कुणी नाकारत नाही. पण रान दोघांनी पेटवलं आणि दिल्ली एकाने पाहिली, एवढी नोंद असू द्या.

उलट उदाहरण शेजारच्या मुंबईत आहे. मृणाल गोरे. सुरुवात गोरेगावच्या नळापासून. पाण्याचे मोर्चे, मग महापालिका, 1972 ला विधानसभा, त्याच सुमाराला महागाईविरोधी लाटणं मोर्चा, आणीबाणीत तुरुंग आणि 1977 ला लोकसभा. तेव्हाची घोषणा जुन्या लोकांना पाठ आहे: पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में. त्याच वर्षी मार्क्सवादी अहिल्या रांगणेकरही मुंबईतून निवडून गेल्या. 1980 ला प्रमिला दंडवते गेल्या. कुणाचा नवरा तुरुंगात होता म्हणून नव्हे. या तिघी स्वतः तुरुंगात जाऊन आल्या होत्या.

पाणीवाल्या बायका अंबरनाथ-बदलापुरात काय कमी आहेत? जीवन प्राधिकरणाच्या कार्यालयावर हंडे घेऊन जाण्याचा अनुभव इथल्या कितीतरी बायकांच्या गाठीशी आहे. मृणालताईंचा अभ्यासक्रमही तोच. फक्त इथल्या शाळेत पहिलीच्या पुढे वर्गच नाहीत.

खासदार बाई असून काय दिवे लागणार, असा एक शहाणा प्रश्न प्रत्येक नाक्यावर तयार असतो. पुरुषांनी लावलेले दिवे मोजून झाले की उत्तर देऊ. तोवर एवढं लक्षात घ्या, की या पट्ट्यातल्या बाईचं अर्धं आयुष्य केंद्र सरकारच्या ताब्यात आहे. रेल्वे केंद्राची. ऑगस्ट 2022 मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आल्या, तेव्हा बदलापूर आणि कळव्याचे प्रवासी रस्त्यावर आले आणि आठवड्याच्या आत रेल्वेला त्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. कामगार कायदे केंद्राचे. उल्हासनगरच्या कॅम्पात घरबसल्या जीन्सचे धागे कापणारी बाई नगावर पैसे घेते. ती कुणाची कामगार, हे कुठल्याच हजेरीबुकात लिहिलेलं नाही. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 चा, तोही संसदेचा. 20 ऑगस्ट 2024 ला बदलापूरकरांनी तासन्‌तास रेल्वे रोखून धरली, ती दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला आणि त्यांच्या आईवडिलांना गुन्हा नोंदवायला पोलीस ठाण्यात ताटकळत बसवलं म्हणून. त्या दिवशी रुळांवर बायका होत्या. संसदेत त्यांच्या वतीने बोलायला त्यांच्यातली कुणी नव्हती.

आता घराणेशाहीचं बघू. 2024 ला महाराष्ट्रातून 48 पैकी 7 महिला लोकसभेत गेल्या. सुप्रिया सुळे, प्रणिती शिंदे, वर्षा गायकवाड या लेकी. प्रतिभा धानोरकर दिवंगत खासदाराच्या पत्नी. रक्षा खडसे सूनबाई. स्मिता वाघ यांचे दिवंगत पती पक्षाचे जिल्हाध्यक्ष होते, पण त्यांची स्वतःची वाटचालही विद्यार्थी परिषदेपासूनची. शोभा बच्छाव नाशिकच्या महापौर होत्या, पुढे राज्यमंत्री. यादी वाचली की लोक नाक मुरडतात: सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या! बहुतेकींबाबत मान्य. मग नाक तेवढंच मुरडून कल्याणकडेही बघा. इथे जुन्या ठाणे मतदारसंघातून 2008 साली वडिलांच्या जागी मुलगा गेला आणि 2014 साली वयाच्या सत्ताविशीत दुसऱ्या नेत्याचा मुलगा गेला. मुलाला तिकीट मिळालं की ते तरुण नेतृत्व. लेकीला मिळालं की घराणेशाही. आणि कुणाचीच नसलेली बाई मागायला गेली, तर तिला विचारतात, तुमच्या मागे कोण आहे?

मागे पैसाही हवा. लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाखांपर्यंत खर्च करायला अधिकृत परवानगी आहे. अनधिकृत खर्चाला मर्यादा नाही, त्यामुळे ती ओलांडल्याचा गुन्हाही नाही. लाडक्या बहिणीच्या खात्यात महिन्याला दीड हजार येतात. ते न मोडता साठवले, तर 95 लाख जमायला पाचशेहून जास्त वर्षं लागतील. तोवर भाऊ आहेतच दिल्लीला.

पण थांबा, कायदा झालाय ना! झालाय. सप्टेंबर 2023 मध्ये नारी शक्ती वंदन अधिनियम मंजूर झाला. लोकसभेत 454 विरुद्ध 2. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांना. मूळ विधेयक आलं 1996 साली, राज्यसभेने मंजूर केलं 2010 साली, कायदा झाला 2023 साली. आणि मंजूर झालेल्या मजकुरात लिहिलं होतं: आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग आरक्षण. वंदन लगेच झालं, जागा नंतर.

आजच्या 48 जागांच्या हिशोबाने महाराष्ट्राच्या वाट्याला 16 जागा येतील. जागा आळीपाळीने फिरणार, म्हणजे कधीतरी कल्याण आणि भिवंडीचीही पाळी येईल. त्या दिवशी काय होईल, ते सांगायला ज्योतिषी नको. जागा राखीव होताच दोन्ही मतदारसंघांतल्या बड्या घरांत एकाएकी समाजसेविका सापडतील. पुरोगामी पक्षांकडे तर सापडायलाही वेळ लागेल, कारण त्यांनी उभी केलेली एकमेव उमेदवार आधीच वापरून झाली आहे.

म्हणून हे आरक्षण येण्याआधीच करायचं काम आहे. पालिकेत दोन टर्म चांगलं काम केलेल्या बाईला विधानसभेचं तिकीट, विधानसभेत बोललेल्या बाईला लोकसभेचं, आणि तेही निघणाऱ्या जागेवर. जो पक्ष हरणाऱ्या जागेवरच बाई देतो, त्याने फुल्यांच्या फोटोला हार घालणं बंद करावं. हार महाग झालेत.

तेव्हा वहिनींनो, पुढच्या वेळी तुमच्या कॅम्पात, वाडीत, कॉम्प्लेक्सात एखादे भाऊ ‘खेळ पैठणीचा’ ठेवतील. जरूर जा. पैठणी जिंका, नथ मिळाली तर तीही घ्या, दोन्ही तुमच्याच करातून आलेल्या असू शकतात. मग माइक हातात आला की उखाणा घेऊ नका. सगळ्यांसमोर एवढंच विचारा: भाऊ, लोकसभेला निघणाऱ्या जागेवर आमच्यातली कोण?