खिडकी परत येतेय

आमच्या साडूंना 'काय विशेष?' असं विचारायचं नसतं. इतर माणसं 'काही नाही, चाललंय' म्हणून पुढे सरकतात. साडूंकडे विशेष असतंच, आणि ते आज सकाळचं असतं. एका साखरपुड्यात पंगतीला बसता बसता ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "साडूभाऊ, खिडकी परत येतेय." पलीकडच्या मामांना वाटलं, रीडेव्हलपमेंटचं काहीतरी असणार. त्यांनी लगेच विचारलं, "कार्पेट एरिया किती देतोय बिल्डर?"

खिडकी खोक्याची होती. हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केलं की वेष्टनातलं प्लास्टिक आम्ही हद्दपार करणार. त्यानुसार पुढे सहा इंची वीरांची खोकी नखशिखान्त पुठ्ठ्याची झाली आणि आतला कॅप्टन अमेरिका दिसेनासा झाला. पर्यावरणवाले खूश झाले असतील. साडूंच्या, म्हणजे पुतळे जमवणाऱ्यांच्या, जमातीत हाहाकार उडाला. भुवईचा रंग भुवईवरच आहे की गालावर ओघळलाय, हे पैसे मोजण्याआधी कळायचं कसं? शिवाय काही महाभाग आतला नवा पुतळा काढून घेऊन, त्या जागी घरातला मोडका कोंबून, खोकं दुकानात परत करू लागले. अखेर २०२३ मध्ये कंपनीने माघार घेतली. आमच्या सासऱ्यांनी आणीबाणी उठल्याची बातमी ज्या आवाजात सांगितली असेल, त्याच आवाजात साडूंनी ही सांगितली.

साडू पंचेचाळिशीचे. एका पतपेढीत हिशेब बघतात, डोंबिवलीत राहतात, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. स्थळ बघताना सासऱ्यांनी याच गोष्टीची विशेष चौकशी केली होती. अ‍ॅक्शन फिगर म्हणजे काय हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, कारण दोन बेडरूमच्या घरातली एक बेडरूम हात, पाय, मान वळवणाऱ्या पुतळ्यांच्या ताब्यात आहे आणि सासरे मुक्कामाला आले की हॉलमध्ये झोपतात.

त्या खोलीत जायचं तर पंखा बंद करावा लागतो. कपाटांच्या काचांना ऊन रोखणारी फिल्म आहे, कारण उन्हाने पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. पावसाळ्यात आतली दमट हवा शोषायला सिलिका जेलच्या पुड्या लागतात. त्यासाठी सगळ्या नातेवाइकांना सक्त ताकीद आहे की नव्या बुटांतली पुडी फेकायची नाही. मेहुणीच्या भिशीतल्या बायकासुद्धा आता पर्समधून पुड्या काढून देतात. एका खणात खोकी न उघडलेले पुतळे, दुसऱ्यात उघडलेले, तिसऱ्यात नुसतीच रिकामी खोकी. तिसऱ्या खणाविषयी मी एकदा विचारणा केली होती. उत्तर ऐकून संपेपर्यंत माझी शेवटची कल्याण लोकल गेली.

पण साडूंना कामात असताना बघावं. १९८२ पासूनचे पावणेचार इंची जी. आय. जो सैनिक कमरेत एका छोट्या काळ्या रबरी कडीवर तोललेले असतात. आपल्या हवेत ती कडी काही वर्षांत कडक होते आणि एके दिवशी तुटते; सैनिकाचं धड एकीकडे, पाय दुसरीकडे. साडू मग टेबलावर धुतलेला पंचा अंथरतात. पाठीतला एकुलता एक स्क्रू सोडवतात. छातीचे दोन भाग सुटतात, हात बाजूला निघतात. जुन्या कडीचे तुकडे चिमट्याने वेचायचे, नवी कडी पायांमधल्या धातूच्या आकड्यात अडकवून वर ताणायची, आतल्या खुंटीवर चढवायची आणि ती निसटायच्या आत छाती मिटायची. या सगळ्यात साडूंचा श्वास रोखलेला असतो आणि जीभ किंचित बाहेर. तशी कडी मिळते का म्हणून ते एकदा स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले होते. "कुठल्या नळाला?" दुकानदाराने विचारलं. "नळाला नाही, कमरेला," साडू म्हणाले. दुकानदाराने मालकाला बोलावून आणलं.

असा एकेक साडू मुंबईच्या प्रत्येक उपनगरात आहे, हे मला दादरच्या एका उडुपी हॉटेलात कळलं. महिन्यातून एका रविवारी ही मंडळी तिथे जमतात. वेटरही तयार झालेत. ते टेबलावर पाण्याचे ग्लास ठेवत नाहीत, हातात देतात. मधोमध पुतळे मांडलेले, कडेकडेने इडल्या. भाषा मराठी, पण दर चार शब्दांनी एक दीक्षा घेतलेला शब्द. कार्डावरचा, लूज, केस-फ्रेश, ग्रेल, केओ. केओ म्हणजे नकली, आणि तो शब्द उच्चारताना आवाज खाली घेतात. मी गेलो त्या रविवारी खटलाच चालू होता. कुणीतरी सील्ड म्हणून विकलेल्या कार्डावरचा प्लास्टिकचा फुगा उघडून पुन्हा चिकटवलेला निघाला होता. मोबाइलच्या टॉर्चमध्ये कडेचा गोंद तपासला गेला. दोन बुजुर्गांनी चष्मे काढून पाहिलं, मग लावून पाहिलं. आरोपीने गुन्हा कबूल केला नाही; सगळ्यांची फिल्टर कॉफी मात्र स्वतःच्या बिलात घेतली, आणि सभेने ती कबुली मानली. त्यानंतर ग्रुपमध्ये फूट पडली. आता ग्रुप दोन आहेत आणि साडू दोन्हीत आहेत. तटस्थ राहायचंय म्हणून नाही. इकडची बातमी तिकडे पोचवायला माणूस दोन्हीकडे असावा लागतो, म्हणून.

या माणसांचा जीव खेळण्यात अडकलेला असतो, असं लोक समजतात. मला ते पटत नाही. जीव बातमीत असतो. हॅस्ब्रोनेही हे ओळखलंय. तिने हॅसलॅब नावाचा प्रकार काढला: आधी चित्र दाखवायचं, ठरलेल्या मुदतीत ठरलेली गिऱ्हाइकं जमली तर वस्तू बनवायची, नाहीतर राम राम. २०१८ मध्ये असं स्टार वॉर्समधलं जब्बाचं जहाज काढलं. लांबी चार फुटांहून जास्त, किंमत पाचशे डॉलर, अट पाच हजार गिऱ्हाइकांची. साडूंनी ते मागवलं नाही. मागवणं शक्यच नव्हतं. पण टेप घेऊन सोफ्याची पाठ मोजली, लिफ्टचं दार मोजलं आणि आकडा पाच हजारांवर गेला त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणाले, "घरचंच कार्य." २०२१ मध्ये उलट झालं. रँकॉर नावाच्या राक्षसासाठी नऊ हजार जण हवे होते, ते जमले नाहीत आणि राक्षस जन्मालाच आला नाही. साडूंनी तोही मागवला नव्हता, तरी दोन दिवस दाढी केली नाही.

या बाबतीत खरी द्रष्टी कंपनी म्हणजे केनर. १९७७ मध्ये स्टार वॉर्स सिनेमा धो धो चालला आणि नाताळापर्यंत त्याचे पुतळे तयार होणार नाहीत हे तिच्या लक्षात आलं. तेव्हा तिने दुकानांत चक्क पुठ्ठ्याचं पाकीट विकायला ठेवलं. आत एक प्रमाणपत्र: हे भरून पाठवा, पुढल्या वर्षी चार पुतळे पोस्टाने येतील. लोकांनी पैसे देऊन ते विकत घेतलं. आमचे साडू तेव्हा जन्माला यायचे होते, पण केनरने त्यांची नाडी आधीच ओळखलेली होती.

त्याच कंपनीचा आणखी एक किस्सा ते सांगतात. बोबा फेट नावाच्या पात्राच्या पाठीवरून स्प्रिंगने रॉकेट उडणार होतं. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीच्या अशाच एका खेळण्याचा तुकडा घशात अडकून एक मूल दगावलं, आणि केनरने रॉकेट पाठीला पक्कं चिकटवूनच बोबा फेट बाजारात आणला. उडणाऱ्या रॉकेटचे मोजके नमुने तेवढे मागे उरले. त्यातला एक २०२४ मध्ये लिलावात सव्वापाच लाख डॉलरला गेला. जे खेळणं कधी दुकानातच आलं नाही, त्याची ही किंमत! हे ऐकून मेहुणी पोळी लाटता लाटता म्हणाली, "मग तुमचे कधी विकताय?" साडू लगेच गॅलरीत फोनवर बोलायला गेले. फोन वाजलेला नव्हता.

एक फेब्रुवारीला सारा देश आयकराची मर्यादा बघतो, साडू ९५०३ बघतात. हा सीमाशुल्काच्या कोष्टकातला खेळण्यांचा क्रमांक. २०२० च्या अर्थसंकल्पात त्यावरचं शुल्क वीस टक्क्यांवरून साठ झालं, २०२३ मध्ये सत्तर. त्याशिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा. देशी उद्योगाला आधार मिळावा हे साडूंना तत्त्वतः मान्य आहे, ते मतदानही त्याच हिशेबाने करतात. पण बॅटमॅनच्या पार्सलवर शिक्का कुठून आणायचा? एकदा पार्सल अडकलं तेव्हा त्यांनी पतपेढीच्या सवयीने सविनय अर्ज लिहिला: 'अर्जदार पंचेचाळीस वर्षांचा असून सदर वस्तूशी तो खेळणार नाही, अशी हमी देत आहे.' अर्ज वाचून मेहुणी म्हणाली, यातला दुसरा भाग तरी खरा आहे.

एका विषयावर मात्र साडू अमेरिकेला खाली पाहायला लावतात. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल काढली. तिच्या गोव्यातल्या कारखान्यामुळे साडूंना गोवा हे तीर्थक्षेत्र आहे. जी. आय. जोचे साचे अमेरिकन, पण रंगांचा मामला आपला. तिकडे हिरव्या गणवेशातला सैनिक इकडे भलत्याच थाटात, होळी खेळून आल्यासारखा. अमेरिकेत ही मालिका १९९४ मध्ये थांबली, आपल्याकडे पुढेही चालू राहिली, आणि मग तिथले संग्राहक हिंदुस्थानातून हे रंगीबेरंगी वीर मागवू लागले. "आपण ते वीस-तीस रुपयांना घेऊन मातीत पुरले हो," साडू कळवळून सांगतात. गोव्याला गेलं की घरचे मंगेशीला जातात आणि साडू कारखान्याच्या फाटकावर. वॉचमन आता ओळखतो; फोटो तोच काढून देतो.

सध्या त्यांची पार्सलं माझ्या नावावर येतात. हे कसं झालं ते मलाही नीट सांगता येणार नाही. मेहुणीने घरी काही मर्यादा घातल्या आणि साडूंनी मला 'घरातला मोठा माणूस' म्हटलं, एवढं आठवतं. आता केवायसीचे मेसेज मला येतात, शुल्क भरायची लिंक मला येते आणि कुरिअरवाला मला 'टॉयवाले काका' म्हणतो. परवा एक खोकं आलं. मोठं होतं, वर्षभरापूर्वी नोंदवलेलं. याच खोक्यासाठी साडूंनी वर्षभर जहाजाचा मार्ग नकाशावर पाहिला होता. मी उत्साहाने फोन केला.

"आलं का? बरं," साडू म्हणाले. "कोपरा दबलाय का तेवढा बघा."

"नाही दबलेला. उघडू?"

"छे छे, उघडू नका. माळ्यावर टाका. साडूभाऊ, ते सोडा, नवीन जाहीर झालंय. तिकडे दुपारी एकला सुरू होणार, म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. तिकडे थंडी लागून त्यांची घड्याळं मागे गेली असतील तर साडेअकरा. तुमचं कार्ड टाकून ठेवलंय. ओटीपी तुम्हाला येईल, झोपू नका."