पाळण्यातला हप्ता

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे पूर्वी म्हणत. आता पाय कुणी बघत नाही. पाळण्यात दिसतो तो 18 वर्षांनी लागणारा आकडा. विमा एजंट आणि म्युच्युअल फंडवाले तो चुटकीसरशी काढून देतात. आज इंजिनिअरिंगला 20 लाख लागत असतील आणि शिक्षण दरसाल 10 टक्क्यांनी महागणार असेल, तर बाळाच्या वेळी 1 कोटी 11 लाख. बाळ झोपेत हसते, आईबापांची झोप उडते आणि फॉर्मवर सही होते. त्याच हिशेबात 10 च्या जागी 6 घालून पाहा. तोच खर्च 57 लाखांवर येतो. म्हणजे मधले 54 लाख शिक्षणाचे नाहीत, 4 टक्क्यांच्या अंदाजाचे आहेत. गंमत अशी की परताव्याच्या अंदाजाखाली बारीक अक्षरांत बाजारातल्या जोखमीचा इशारा छापावा लागतो. महागाईच्या अंदाजाखाली सहसा काहीच नसते. ते भविष्य पंचांगाहून पक्के.

पण फी खरेच अशी दरवर्षी आपोआप वाढते का? आयआयटीची वार्षिक फी 2016 साली 90 हजारांवरून एकदम 2 लाख झाली आणि पुढे अनेक वर्षे तिथेच बसून राहिली. ही काही चक्रवाढ नव्हे, हा कुणीतरी टेबलावर बसून घेतलेला निर्णय. महाराष्ट्रात 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडले आणि साखरसम्राटांच्या शेजारी शिक्षणसम्राट उगवले. तेही हवामानबदलामुळे नव्हे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचे 6 टक्के खर्च करा, असे कोठारी आयोगाने 1966 मध्ये सांगितले. 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणात तेच 6 टक्के पुन्हा उद्दिष्ट म्हणून अवतरले. मधल्या 54 वर्षांत देशाला जे जमले नाही, ते आता बाळाच्या बापाने दरमहा 5 तारखेला जमवायचे. सरकार अगदीच स्वस्थ बसलेले नाही म्हणा. सप्टेंबर 2024 मध्ये त्याने बालकांसाठी एनपीएस वात्सल्य ही पेन्शन योजना सुरू केली. दात येण्याआधी निवृत्तीची सोय झाली. शाळेचे मधल्यामध्ये बघू.

यावर कुणी म्हणेल, धोरण बदलेपर्यंत पोर काही बालवाडीत थांबणार नाही. अगदी खरे. पैसे साठवायलाच हवेत. मुलगी असेल तर सुकन्या समृद्धीत वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात (तिचा व्याजदरही 2015-16 मधल्या 9.2 वरून 2020 मध्ये 7.6 वर आला, तोही निर्णयानेच). विमा मात्र कमावणाऱ्याचा घ्यावा. बाळ काही घर चालवत नाही, ब्रोशरवर कितीही गोड हसत असले तरी. आक्षेप साठवण्याला नाहीच. फी म्हणजे आभाळातून पडणारी गोष्ट आणि आपले काम फक्त छत्री विकत घेण्याचे, या समजुतीला आहे.

एकट्या पालकाच्या हातात काय आहे, हा दुसरा प्रश्न. जुलै 2024 मध्ये राज्याने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. म्हणजे फी खालीही येते. त्याच वर्षी फेब्रुवारीत, सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) 25 टक्के राखीव जागांतून सूट देण्यात आली होती. पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि जुलैत तो बदल रद्द झाला. असा परतावा कुठल्याही फंडाने पाच महिन्यांत दिलेला नाही. पण याचिकेवर कमिशन नसते, त्यामुळे ती समजावून सांगायला घरी कुणी येत नाही. आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लार्ज कॅप की मिड कॅप, यावर रात्री बारापर्यंत रण पेटलेले असते.