आधी झाड ओळखा, मग लावा

पहिला पाऊस पडला की महाराष्ट्रात झाडांआधी आकडे उगवतात. 2016 मध्ये राज्य सरकारनं 2 कोटी रोपं लावायचं ठरवलं. 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये थेट 33 कोटींचं उद्दिष्ट ठेवलं. झाडं लावावीत, याबद्दल दुमत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. या काळात झाडं ओळखणारी माणसं किती तयार केली? कुठल्या झाडाचं बी कधी पडतं, ते किती दिवस जिवंत राहतं, कुठल्या मातीत काय तगेल, हे सांगू शकणारी माणसं किती? त्यांचं उद्दिष्ट जाहीर झाल्याचं मला आठवत नाही.

रोप विकत आणता येतं, जाणकार विकत आणता येत नाही. तो घडवावा लागतो आणि तो जंगलातच घडतो. नेमकं तेच शिक्षण आपण कडेला सारलं आहे. अनेक महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राची सहल म्हणजे वर्षातून एकदा बसनं जाऊन संध्याकाळी परत येणं. पदवी हाती पडते, पण फाटकाजवळचं झाड करंजाचं की पळसाचं, हे सांगता येत नाही. यात मुलांचा काडीचाही दोष नाही. त्यांना कुणी झाडाखाली उभंच केलं नाही.

झाडाखाली उभं राहणं म्हणजे काय, ते सांगतो. ऐन, अर्जुन आणि किंजळ ही तिन्ही टर्मिनालिया या एकाच प्रजातीतली. ऐनाची साल काळपट, जाड आणि चौकोनी भेगांची, मगरीच्या पाठीसारखी. अर्जुनाचं खोड गुळगुळीत, फिकट; पातळ पापुद्रे सुटतात. दोघांच्या फळांना पाच-पाच पंख. किंजळाचं फळ लहान, त्याला तीन पंख आणि त्यातला एक मोठा. ही फळं धरली की अख्खं झाड तांबूस दिसतं. ऐनाचं पान उलटलं तर देठाजवळ गाठीसारख्या ग्रंथी सापडतात. आता एप्रिलमध्ये जंगलात जा. ऐन निष्पर्ण उभा असतो. पानं बघून झाडं ओळखायला शिकलेला विद्यार्थी तिथं अडतो. सालीवर हात फिरवायची आणि खाली पडलेलं फळ उचलून बघायची सवय असलेला अडत नाही. म्हणून एकच झाड वेगवेगळ्या ऋतूंत बघावं लागतं. एका सहलीत हे होणं शक्य नाही.

हा फरक नावापुरता नाही. अर्जुन हे ओढ्याकाठचं, नदीकाठचं झाड. त्याला मुरमाड, कोरड्या उतारावर लावलं तर ते मरणार आणि आपण दोष पावसाला देणार. ऐन आपल्या पानझडी जंगलाचा कणा आहे. नाव चुकलं की जागा चुकते आणि जागा चुकली की रोप जातं. मग पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप, नवा खर्च.

रोपवाटिकेतही हेच. जांभळाचं बी वाळलं की मरतं. फळ खाल्ल्यावर काही आठवड्यांत ते मातीत जायला हवं. डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाही. सागाचं उलट. त्याचं फळ इतकं टणक, की आलटून पालटून भिजवून, वाळवून मगच पेरावं लागतं. प्रत्येक रानझाडाची अशी स्वतंत्र तऱ्हा आहे. ती ठाऊक असलेला माणूस रोपवाटिकेत नसेल, तर तिथं सहज उगवणारीच रोपं तयार होतात. गिरिपुष्प, सुबाभूळ, आकेशिया यांनी आपल्या टेकड्या आणि उतार भरले, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे. बियाण्याचं विज्ञान शिकवलं नाही, की जंगलाची यादी आपोआप तोकडी होते.

एखादं जंगल समजून घ्यायला किती वेळ द्यावा लागतो, तेही बघा. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी 1980 च्या सुमारास 50 हेक्टर जंगल आखून घेतलं. एक सेंटिमीटरहून जाड असलेलं प्रत्येक खोड मोजलं, त्याला क्रमांक दिला, नकाशावर त्याची जागा नोंदवली. संख्या दोन लाखांवर गेली. तेव्हापासून दर काही वर्षांनी तीच खोडं पुन्हा मोजली जातात. भारतात तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या कोरड्या पानझडी जंगलात, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या रमण सुकुमार यांनी 1988 मध्ये असाच 50 हेक्टरचा तुकडा आखला. वणवे, दुष्काळ आणि हत्ती यांचा झाडांवर काय परिणाम होतो, हे तिथं कळत गेलं. वारंगाची झाडं हत्तींनी मोडून खाल्ल्यामुळं भराभर घटली, हे कुणी अंदाजानं सांगितलेलं नाही. त्याच त्याच झाडांपाशी पुन्हा पुन्हा जाऊन ते मोजलेलं आहे.

उष्ण कटिबंधातल्या जंगलात इतक्या जाती एकत्र कशा नांदतात, हा वृक्ष-परिसंस्थाशास्त्रातला मोठा प्रश्न. डॅनियल जॅन्झन यांनी 1970 मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी 1971 मध्ये एकच उत्तर स्वतंत्रपणे मांडलं. आईच्या पायाशी पडलेल्या बियांवर त्या जातीचे किडे आणि रोग तुटून पडतात; दूर गेलेलं बी वाचतं. म्हणून एका जातीशेजारी दुसऱ्या जातीला जागा मिळते. आता आपल्या लागवडीकडे बघा. एकाच जातीची, एकाच वयाची हजारो रोपं ओळीनं. किडीला याहून सोयीची मांडणी दुसरी कुठली? जंगल ज्या नियमानं उभं राहतं, त्याच्या नेमकं उलट आपण करतो आणि त्याला वनीकरण म्हणतो.

सगळीकडे झाड हवंच, हाही अज्ञानातून आलेला हट्ट आहे. सोलापूर, नगर, पुणे जिल्ह्यांतली गवताळ माळरानं ही जंगल तुटून उरलेली पडीक जमीन नव्हे. माळढोक, लांडगा, चिंकारा यांचं ते घर आहे. तिथं खड्डे खणून रोपं लावणं म्हणजे एक परिसंस्था मोडणं. वृक्ष-परिसंस्थाशास्त्र नीट शिकलेला माणूस कुठं लावायचं नाही, हेही सांगतो. त्याचा तो सल्ला सर्वांत मोलाचा असतो.

आपल्याकडे या विद्येची परंपरा नाही, असं कुणी म्हणू नये. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात थिओडोर कूक यांनी सिद्ध केला; ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते, पेशानं अभियंते. पाठोपाठ वनखात्यातल्या टॅल्बट यांनी इलाख्यातल्या वनवृक्षांवर दोन खंड लिहिले. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी गावोगाव फिरून देवरायांच्या नोंदी केल्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि आघारकर संस्था, मुंबईत ब्लॅटर हर्बेरियम इथं वाळवलेले नमुने जपून ठेवलेले आहेत. प्रत्येक कागदावर झाडाची फांदी, गोळा केल्याची तारीख, जागा, गोळा करणाऱ्याचं नाव. शंभर वर्षांपूर्वी एखादं झाड कुठं होतं, याचा तो पुरावा आहे. पण तो वाचणारी पुढची पिढी घडली नाही, तर या कपाटांचा उपयोग कुणाला?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. राज्यातल्या प्रत्येक वनविभागानं एक हेक्टर जंगल जवळच्या महाविद्यालयाला कायमचं अभ्यासासाठी नेमून द्यावं. दरवर्षीच्या मुलांनी तीच झाडं मोजावीत, नोंदी पुढच्यांच्या हाती द्याव्यात. वनस्पतिशास्त्राच्या पदवीत तिन्ही ऋतूंचं रानातलं काम सक्तीचं असावं आणि त्याला खरे गुण असावेत. कातकरी, महादेव कोळी, गोंड, कोरकू समाजातले जाणकार आणि मुरलेले वनरक्षक यांना शिक्षक म्हणून बोलवावं, मान द्यावा आणि मानधनही. संशोधनाला तीन वर्षांचा नव्हे, तीस वर्षांचा निधी द्यावा, कारण झाड प्रकल्पाच्या मुदतीत वाढत नाही. लागवडीच्या खर्चातला थोडासा वाटा जरी इकडे वळवला, तरी हे सगळं होईल.

आणि वाचकहो, तुमच्याकडेही एक काम आहे. या पावसाळ्यात कुणी तुमच्या हाती रोप दिलं, तर तीन प्रश्न विचारा. हे झाड कोणतं? याचं बी कुठल्या रानातून आणलं? पाच वर्षांनी ते जगलं का, हे बघायला कोण येणार? तिन्हींची उत्तरं मिळाली तर फावडं उचला. नाही मिळाली, तर आधी रोप देणाऱ्याला जाब विचारा.