आधी क्लबचं मनगट तपासा

अमुक वर्षांखालचा म्हणून मैदानात उतरलेला मुलगा खरोखर तितक्याच वयाचा आहे का, हे बघायला भारतीय फुटबॉल महासंघ त्याच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतो. टीडब्ल्यू-3 म्हणतात या चाचणीला. जन्मदाखल्यावरची तारीख पालकांच्या इच्छेनुसार मागेपुढे सरकू शकते, मनगटाचं हाड सरकत नाही. पद्धत चोख आहे. आमची तक्रार एवढीच, की ती फक्त पोरांना लावतात. एकदा क्लबांनाही लावून बघा. निदान आमच्या पुण्यात तरी.

आमच्या सोसायटीत परवा पेढे वाटले गेले. नऊ वर्षांचे चिरंजीव एका व्यावसायिक क्लबच्या अकादमीत ट्रायल पास झाले होते. वडिलांनी मोबाइलवर एक तक्ता दाखवला. नऊ वर्षांखालील, अकरा, तेरा, पंधरा, सतरा, मग राखीव संघ आणि सगळ्यात वर मुख्य संघ. प्रत्येक पायरीला बाण, प्रत्येक बाणाला वेगळा रंग. या तक्त्याला म्हणे ‘पाथवे’ म्हणतात. फी तिमाही, किट वेगळं, बूट आपापले. आम्ही विचारलं, “दहा वर्षांनी हा मुख्य संघ असेल ना?” त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, की आमच्या हातातला पेढा परत घेतात की काय असं वाटलं.

याच गृहस्थांनी फ्लॅट घेताना बिल्डरकडून भोगवटा पत्र, सातबारा आणि जागेचा तीस वर्षांचा शोध अहवाल मागितला होता. मुलगा ताब्यात देताना मात्र बाणांचे रंग पुरले.

आता थोडे एक्स-रे बघू. मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2006 मध्ये देशाची राष्ट्रीय लीग जिंकला आणि 2010 मध्ये बंद झाला. यापुढे शालेय फुटबॉलवर लक्ष देणार, असं तेव्हा सांगण्यात आलं. म्हणजे मुलांनी खेळायला जरूर शिकावं, मोठं झाल्यावर कुठे खेळायचं असले फाजील प्रश्न विचारू नयेत.

पुणे एफसी 2007 मध्ये निघाला. याची अकादमी खरोखर चांगली होती, युवा आय-लीग जिंकणारी. 2015 मध्ये मोठ्यांचा संघ गेला आणि मागे राहिलेली पोरं, प्रशिक्षकांसकट, एफसी पुणे सिटीकडे गेली. या दुसऱ्या क्लबला हृतिक रोशन सहमालक होता आणि इटलीच्या फिओरेन्टिनाचं नावही जोडलेलं होतं. 2019 मध्ये तोही मिटला. इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाली आणि 2025 मध्ये हैदराबादचा तो क्लब दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. मध्यंतरी 2014-15 चा एक हंगाम भारत एफसी नावाचा क्लबही पुण्यात राहून गेला. एकच हंगाम. पुण्याच्याच डीएसके शिवाजीयन्सकडे तर थेट लिव्हरपूलच्या नावाची अकादमी होती. आय-लीगमध्ये ते दोन हंगाम टिकले. मुंबई सिटीची आस होती, तर मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने डिसेंबर 2025 मध्ये तिथून अंग काढून घेतलं. त्याआधी जुलैत खुद्द इंडियन सुपर लीगच थांबवल्याचं आयोजकांनी क्लबांना कळवलं होतं.

इंग्लंडमध्ये नवव्या वर्षापासून करारबद्ध केलेल्या पोरांना क्लब सोळा-अठराव्या वर्षी ढिगाने घरी पाठवतात. क्रूर आहे, यात वाद नाही. पण तिथे मुलगा जातो आणि क्लब राहतो. आमच्याकडे मुलगा सकाळी सहाला बूट बांधून मैदानावर हजर असतो, क्लबच आलेला नसतो.

भिंतीवर युरोपातल्या क्लबचं बोधचिन्ह आहे, तेव्हा पोरगा एक दिवस तिकडे जाईल, असा हिशेबही बरेच जण करतात. फिफाच्या नियमावलीत कलम 19 आहे. अठराच्या आतल्या खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदवता येत नाही. मोजके अपवाद आहेत. त्यातला एक असा, की आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेलेले असावेत. म्हणजे बायर्नच्या अकादमीत शिरायला मुलाच्या ड्रिब्लिंगपेक्षा वडिलांची आयटी कंपनी त्यांना म्युनिकला पाठवते की नाही, हे जास्त महत्त्वाचं. हिंजवडीतल्या बापांनी याचा गांभीर्याने विचार करावा.

पुणेकरांना क्लब चालवता येत नाही, असं मात्र कुणी समजू नये. कोंबड्यांच्या धंद्यातल्या पुण्याच्या व्यंकीजने नोव्हेंबर 2010 मध्ये लँकेशायरमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला आणि तो आजही त्यांच्याकडेच आहे. 2012 मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. त्या संध्याकाळी प्रेक्षकांतल्या कुणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. 2017 मध्ये संघ आणखी एक पायरी उतरला. समर्थक वर्षानुवर्षं ‘जा’ म्हणतात, मालक जात नाहीत. इथले मालक कुणी ‘जा’ म्हणायच्या आतच जातात. पुण्याच्या पैशावर सर्वांत जास्त काळ तग धरलेला क्लब शोधायला ब्लॅकबर्नला जावं लागतं, ही गोष्ट शनिवारवाड्यावर पाटी लावण्याजोगी आहे.

पाटी लावायचीच तर दुसरी कोल्हापुरात लावू. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल हे तिथल्या पेठांमधल्या तालमींचे फुटबॉल संघ. यांच्याकडे रंगीत तक्ता नाही, परदेशी भागीदार नाही आणि एखाद्या सामन्याचा निकाल शाहू स्टेडियमबाहेर रस्त्यावर पुन्हा लावायची सवयही पूर्ण गेलेली नाही. पण आजोबा ज्या जर्सीसाठी भांडले, तिच्यासाठीच नातू भांडतो. मालक कितीही अडचणीत आला तरी मंगळवार पेठ हैदराबादला हलवता येत नाही.

कोल्हापूरचाच अनिकेत जाधव. तो सरकारी क्रीडा प्रबोधिनीतून पुणे एफसीच्या अकादमीत गेला आणि 2017 मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला. 2022 मध्ये सुपर लीगचा करंडक जिंकणाऱ्या संघातही तो होता. तो संघ हैदराबादचा. या प्रवासातला पुणे एफसी उरला नाही, हैदराबाद एफसी उरला नाही. सरकारी प्रबोधिनी तेवढी जागेवर आहे. सरकारी खात्याला आम्ही या सदरातून इतक्या वेळा टोचलंय, की हे वाक्य लिहिताना हात जड झाला.

त्याच सरकारने डिसेंबर 2025 मध्ये वानखेडेवर मेस्सीच्या साक्षीने ‘महादेवा’ योजना जाहीर केली. तेरा वर्षांखालच्या 60 मुलामुलींना पाच वर्षांची शिष्यवृत्ती. पाच वर्षं म्हणजे भारत एफसीच्या पाचपट आयुष्य! मुलं अठराची होतील तेव्हा त्यांना घ्यायला क्लब असतील का, हे मेस्सीला कुणी विचारलं नाही. त्यालाही विमान गाठायचं होतं.

सोसायटीतल्या गृहस्थांना आम्ही एक छापील अर्ज तयार करून दिला आहे. प्रवेशाच्या दिवशी अकादमीने तो भरायचा. मालकाचा मूळ धंदा आणि त्यावरचं कर्ज. मागच्या पाच वर्षांत बदललेली नावं, रंग व शहरं. संघ विकल्यास पोरांना कळवणार की त्यांनी वर्तमानपत्रात वाचायचं. प्रशिक्षकाचा पगार किती महिन्यांचा थकलेला आहे. कायमचा पत्ता पेन्सिलने लिहिला तरी चालेल.