टाळी कुठे?

व्हिएन्नाला गेलात की कार्ल्सकिर्शे चर्चमध्ये विवाल्दीचे ‘फोर सीझन्स’ ऐकायलाच हवेत म्हणे. ऐकले. चर्च १७३७ सालचं. बाकावर पाठ टेकावी तर काटकोनात, पाय लांबवावेत तर गुडघे टेकायची फळी आडवी. घुमट इतका उंच, की उन्हाळ्यातलं वादळ वर जाऊन परत येईतो खाली पुढचे चार सूर निघून गेलेले.

माझ्या डोक्यात मात्र एकच: टाळी कुठे? आपल्याकडे समेवर ‘क्या बात है’ निसटलं तर गवई खूश होतो. इथे चार ऋतूंचे बारा तुकडे आणि दाद फक्त ऋतू बदलताना. मी पहिल्याच तुकड्याला टाळी दिली. शेजारच्या आजींनी असं पाहिलं, जणू मी पेटीवर चहाचा कप ठेवलाय. त्यानंतर खोकलोसुद्धा त्यांचा अंदाज घेऊनच.

विवाल्दी १७४१मध्ये याच शहरात कफल्लक अवस्थेत गेला. पुरलं तेही याच चर्चशेजारच्या, इस्पितळाच्या दफनभूमीत. आता तिथे तंत्र विद्यापीठ आहे. त्याला आजचं तिकीट परवडलं नसतं. मला पुढच्या रांगेचं परवडलं नाही. आमच्यात साम्य काय ते तेवढंच.