सहा व्होल्टचा मानपान

जुनी गाडी सुरू झाली नाही की पहिला आळ येतो बॅटरीवर, दुसरा कार्ब्युरेटरवर आणि तिसरा ती गाडी घेणाऱ्यावर. हा तिसरा सहसा स्वयंपाकघरातून येतो. बॅटरीच्या वायरकडे मात्र कोणाचं लक्षच जात नाही.

दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप सहा व्होल्टची. तिच्याच भावंडांची जुळणी करत महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर मुंबईत गाड्यांच्या धंद्यात पाऊल टाकलं, त्यामुळे आपल्याकडच्या जीपवेड्यांना हे दुखणं परकं नाही. बॅटरीत मोजून तीन सेल. जोर कमी, म्हणजे वायरही बारीक चालेल, असं कोणालाही वाटावं. आहे नेमकं उलट. इंजिन फिरवायला सेल्फला जेवढी ताकद लागते तेवढी लागतेच. व्होल्ट निम्मे झाले की अँपिअर दुप्पट. हमालाच्या डोक्यावर अर्धीच गोणी द्यायची ठरवली, तर हमाल दुप्पट लागतात आणि मग बोळही रुंद लागतो.

दुकानात नुसतं ‘बॅटरीची केबल द्या’ म्हटलं, की बारा व्होल्टच्या गाडीची 16 स्क्वेअरची, म्हणजे 16 चौरस मिलिमीटर छेदाची वायर हातात पडते. लालचुटुक, चांगली बोटभर जाड. पण त्या जाडीत प्लॅस्टिकचाच वाटा मोठा. टोक सोलून आतली तार ब्लेडने खरवडून पाहावी. तांब्याखालून पांढरी चमक आली तर ते मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. दुकानदाराला नमस्कार करून निघावं.

आता थोडा हिशेब. जाण्यायेण्याची मिळून 3 मीटर वायर धरा. सेल्फ 200 अँपिअर ओढत असेल, तर 16 स्क्वेअरच्या अस्सल तांब्यातही सुमारे 0.65 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. सहातला दहावा हिस्सा गेला! बारा व्होल्टची गाडी तेच काम 100 अँपिअरमध्ये उरकते आणि त्याच वायरीत तिचे तीन टक्केही जात नाहीत. जीपला 50 स्क्वेअरची वायर घातली, की ही गळती 0.2 व्होल्टवर येते.

एवढं करूनही अर्थची वायर रंगवलेल्या चासीवर आवळली तर सगळं पाण्यात. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणून अर्थ थेट इंजिनला किंवा गिअरबॉक्सला द्यावी, तीही रंग-गंज घासून धातू उघडा केल्यावर. खातरजमा मल्टिमीटरने होते: एक टोक बॅटरीच्या खांबावर, दुसरं सेल्फच्या बोल्टवर, आणि कोणीतरी सेल्फ मारायचा. काट्याने अर्धा व्होल्ट दाखवला तर बॅटरी निर्दोष सुटली.

गॅरेजात ‘बारा व्होल्ट करून टाका ना साहेब’ हा सल्ला फुकट मिळतो. डायनॅमो, रेग्युलेटर, हॉर्न आणि झाडून सगळे बल्ब बदलायचे पैसे मात्र साहेबांचे. त्याआधी एकदा वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात जा, 50 स्क्वेअरची तांब्याची केबल मापाने कापून घ्या, टोकांना लग मशीनवर दाबून घ्या. आणि जोडताना अर्थची वायर सगळ्यात शेवटी.