फीत, रिबन आणि शिट्टीची दोरी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्टुडिओत जाऊन काढून घेतलेल्या सैनिकांच्या छायाचित्रांचा संग्रह करणे हा छंद वरवर इतिहासाचा वाटत असला, तरी प्रत्यक्षात तो शिंपीकाम, रसायनशास्त्र आणि दुसऱ्याच्या घरातील भिंतीकडे टक लावून पाहण्याचा निलाजरेपणा यांचे मिश्रण आहे. सोलापूर-पुणे महामार्गावरील चिंचोळी एमआयडीसीत या छंदाची माणसे आढळली तर नवल वाटू नये. कारण शालेय गणवेश शिवून परगावी पाठवणाऱ्या सोलापूरच्या माणसाला खिशाचा फ्लॅप पाहून झाल्याखेरीज त्यावरचा चेहरा दिसतच नाही.

हे छायाचित्र बहुधा ठरावीक साच्याचे असते. मागे कारंजे आणि जिना रंगवलेला पडदा, बाजूला तिवईवर फुलदाणी आणि मधोमध रजेवर आलेला, श्वास रोखून उभा असलेला जवान. संग्राहक प्रथम त्याची बाही वाचतो: एक फीत म्हणजे लान्स नाईक, दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. फिती नसतील तर नजर खांद्यावर जाते. तेथे एक फूल असल्यास जमादार, दोन असल्यास सुभेदार आणि मुकुट असल्यास सुभेदार मेजर. जमादार हे पद १९६५ मध्ये नायब सुभेदार झाले आणि मुकुटाच्या जागी प्रजासत्ताकाचे सिंह आले, त्यामुळे मुकुट दिसताच संग्राहकाला जो आनंद होतो तो खुद्द त्या सुभेदार मेजरलाही बढतीच्या दिवशी झाला असेल की नाही, याविषयी शंका आहे. टोपीवरचा बिल्ला याहून बोलका असतो. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावर प्रारंभी कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाल्यावर स्तंभावर दोन व्हिकर्स मशीनगना एकमेकींना छेदून बसल्या आणि पुढे स्तंभ जाऊन खंजीर आला. छायाचित्रात हा सगळा इतिहास नखाएवढ्या धुरकट ठिपक्यात मावलेला असतो आणि भिंगाखाली तो ठिपका स्तंभही वाटतो, खंजीरही वाटतो.

खरी फजिती रंगांची होते. त्या काळी बरीच छायाचित्रे ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर, म्हणजे निळा-हिरवा प्रकाश टिपणाऱ्या पण तांबड्याला आंधळ्या असलेल्या फिल्मवर काढलेली असत, त्यामुळे तांबडे ते काळे आणि निळे ते फिकट दिसते. पाचव्या भारतीय डिव्हिजनचे चिन्ह काळ्यावर तांबडा गोळा असे होते. १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन याच डिव्हिजनमध्ये होती. मात्र छायाचित्रात काळ्यावर काळा गोळा उमटल्याने हे चिन्ह फाटक्या बाहीला लावलेल्या ठिगळासारखे दिसते. इटलीत लढलेल्याच्या इटली स्टारची तांबडी-पांढरी-हिरवी रिबन तशीच सुतकी होते. यावर उपाय म्हणून छायाचित्र हाताने रंगवून घ्यावे, तर रंगवणाऱ्याने गालांसाठी कालवलेला गुलाबी रंग रिबनलाही लावला नसेल, याची हमी कोणी द्यायची?

पदके उजव्या छातीवर दिसली की पक्षभेद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, निगेटिव्ह उलटी छापली गेली. दुसरा म्हणतो, दिवंगत नातलगाची पदके उजवीकडेच लावण्याची प्रथा आहे, सबब हा सैनिकाचा मुलगा असावा. हा वाद ग्रंथांच्या आधारे महिनोन्महिने चालू शकतो, परंतु गणवेशाच्या कारखान्यातील कटिंग मास्तर तो चहा निवेपर्यंत मिटवतो, कारण तो पदकांकडे पाहतच नाही. पुरुषी शर्टाची डावी पट्टी उजवीवर येते. येथे उजवी वर आली आहे, म्हणजे फोटो उलटा. मास्तरांच्या मते एवढ्यासाठी पुस्तक विकत घेणाऱ्याकडे पैसा फार झाला असला पाहिजे.

चिंचोळीत दुसरे विद्यापीठ कारखान्यांच्या गेटवर भरते. २००५ च्या खासगी सुरक्षा संस्थांविषयीच्या कायद्याने लष्कर वा पोलिसांच्या गणवेशासारखा गणवेश घालण्यास सुरक्षारक्षकांना मनाई असली, तरी बेरे टोपी, खांद्याखालून खिशात जाणारी शिट्टीची दोरी आणि खांद्यावर कंपनीच्या नावाचा पितळी पट्टा एवढे वैभव त्यांच्याकडे शिल्लक उरतेच. शंभर वर्षांनंतरचा संग्राहक यावरून चिंचोळीच्या मोहोळ तालुक्यात अनेक पलटणींचा तळ होता, असा सप्रमाण निष्कर्ष काढील. या रक्षकांत माजी सैनिक पुष्कळ. पाळी बदलताना त्यांच्यापुढे छायाचित्र धरले, तर ते भिंग मागत नाहीत. जवानाच्या कमरेच्या चामडी पट्ट्यावर बोट ठेवून एखादा सांगतो, “सायेब, बेल्ट ह्याचा न्हाई. वळ बघा की, तिसऱ्या भोकावर हाय; ह्यानं पाचव्यात अडकवलाय.” मग संग्राहक वहीत ‘पट्टा: स्टुडिओचा’ अशी नोंद करतो आणि शर्ट तरी जवानाचा होता का, हे विचारणार इतक्यात कंपनीची बस हॉर्न देते.